दत्तरावांनी अडवलेला धबधबा

पाणी कसं वागवायचं हे अख्ख्या पेडगावात आपल्या एकट्यालाच कळतं, असं दत्तरावांचं मत होतं, आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली की लोक आपापल्या चारीवर जायचे आणि दत्तराव सगळ्यांच्या चारीवर जायचे. कुणाचा बांध पाझरतोय, कुणाची सरी तुंबलीय, कोण झाडाखाली आडवा झालाय आणि त्याचं पाणी ओढ्याला चाललंय, सगळीकडं यांची नजर. खोऱ्याचे तीन फटके मारून ते दुसऱ्याचं दारं बांधून द्यायचे आणि वर त्यालाच चार शब्द सुनावायचे. दारं म्हणजे सरीचं तोंड. ते उघडलं की पाणी आत, बांधलं की पाणी पुढं. गोष्ट एवढीच आहे, पण दत्तराव ती अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, गंगा खाली उतरली तेव्हा खोरं यांच्याच हातात होतं.

फुकट चाललेलं पाणी तर त्यांना बघवतच नसे. एकदा पोखर्णीला एका लग्नात हात धुवायच्या टाकीची तोटी गळत होती. दत्तराव भरल्या पंगतीतून उठले आणि उष्ट्या हातानं तिला चिंधी बांधून आले. चिंधी नवरदेवाच्या उपरण्याची होती, हे अक्षता पडायच्या वेळी उघडकीला आलं.

अशा माणसाच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, एक्केचाळीस वर्षांच्या संसारात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती. तिला डोंगरावरून पडणारं पाणी बघायचं होतं. परभणीच्या आसपास जमीन कशी, तर परातीसारखी सपाट. पाणी असलं तर ते विहिरीत नाहीतर पाटात. ते वरून कोसळतं आणि लोक ते नुसतं बघायला जातात, ही गोष्ट तिनं कुठंतरी ऐकली आणि ती तिच्या मनात बसली. दत्तरावांचं उत्तर दर वर्षी ठरलेलं होतं, की मोटारीच्या पाइपासमोर उभी राहा, तेही वरूनच पडतं. मनकर्णाबाई हसायची आणि भाकरी थापायला लागायची.

पण यंदा तिच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि बुधवारची तारीख दिली. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर तीनदा म्हणाले, म्हणून सगळे घाबरले. मनकर्णाबाई मात्र शांत होती. गवारीच्या शेंगा मोडता मोडता ती सुनेला, निकिताला, एवढंच म्हणाली की एकदा ते डोंगरावरचं पाणी बघितलं असतं तर बरं झालं असतं, मग पुढं काय का होईना. निकिता परभणीच्या शाळेत शिकवायची. रडणारी पोरं ती रोज गप्प करायची, पण हे ऐकून तीच मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. तिनं ते नवऱ्याला, योगीराजला सांगितलं आणि योगीराजनं जेवताना बापाच्या कानावर घातलं.

दत्तरावांचा घास हातातच राहिला. वरून कितीही तोरा असला तरी माणूस मनाचा हळवा होता. एक्केचाळीस वर्षं आपण अख्ख्या शिवाराला पाणी पुरवलं आणि हिला घोटभर बघायला मिळालं नाही, हे त्यांना एकदम लागलं. ऑपरेशनची भीती तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त वाटत होती. ते फक्त बोलत नव्हते. मग त्यांनी जे करायचं तेच केलं. पारावर जाऊन जाहीर केलं की रविवारी मनकर्णेला धबधबा दाखवणार, आणि असा दाखवणार की बघणाऱ्याच्या सात पिढ्यांना ओल राहील.

धबधबा निकितानं शोधला. जिंतूर ओलांडून पुढं डोंगर लागतात, तिथं राखीव जंगलातून घाटरस्ता जातो आणि त्या रस्त्याला लागूनच एक धार पडते. लोक तिला दुधाळ म्हणतात. पायऱ्या नाहीत, चढण नाही, गाडीतून उतरलं की समोर पाणी. मनकर्णाबाईच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा चांगलं ठिकाण मिळालं नसतं.

रविवारी सकाळी योगीराजची गाडी निघाली. मनकर्णाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर धपाट्यांचा डबा घट्ट धरला होता. दत्तराव पुढं बसून झरी गावापर्यंत प्रत्येक शेताचं पाणी कुठं चुकतंय ते सांगत होते, आणि झरीपासून पुढं त्या शेतांच्या मालकांच्या बापाचं कुठं चुकलं ते सांगत होते. पावसानं आठ-दहा दिवस उघडीप दिली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा धबधब्याशी संबंध असतो हे गाडीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही.

दुधाळीसमोर गाडी थांबली आणि दत्तरावांचं तोंड उतरलं. काळा कातळ उंचच्या उंच होता, पण त्यावरून पाणी पडत होतं ते आटत आलेल्या म्हशीच्या धारेइतकं. खाली चाळीसेक माणसं त्या एवढ्याशा पाण्यात आळीपाळीनं डोकं घालत होती. दोन कॉलेजची पोरं तर चक्क साबण लावून नंबर लागायची वाट बघत होती. दत्तरावांना पारावरचे सगळे चेहरे आठवले. त्याहीपेक्षा त्यांना मागच्या सीटवरचा चेहरा बघायची हिंमत होईना. एक्केचाळीस वर्षांनी आणलं आणि हे दाखवायचं? बुधवारी ती आत जाणार, आणि जाताना डोळ्यापुढं काय, तर ही गळकी तोटी?

मनकर्णाबाईला गाडीतून उतरवायला वेळ लागणार होता. पाय बाहेर काढायचा, थांबायचं, दुसरा काढायचा. तेवढ्यात दत्तराव निकिताला म्हणाले, "तुमी तुमच्या सासूला सावकाश उतरवा. मी वर जाऊन बघून येतो, पाणी कुठं मुरायलंय ते." निकिता काही बोलायच्या आत ते धोतर खोचून कातळाच्या बाजूच्या पायवाटेनं झाडीत दिसेनासे झाले. वाटेत वनखात्याची पाटी होती. तिच्यावर काय काय करू नये याची लांबलचक यादी होती. धबधब्याचं पाणी वळवू नये असं मात्र त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं, हे दत्तरावांनी नंतर स्वतःच्या बचावात सांगितलं.

वर पोचल्यावर त्यांना जे दिसलं त्यानं त्यांचं हृदय भरून आलं. झाडीतून एक चांगला ओहोळ येत होता, एका मोठ्या धोंड्यापाशी त्याच्या दोन फांद्या होत होत्या, आणि एक फांदी कडेच्या घळीत फुकट चालली होती. म्हणजे दुधाळ आटली नव्हतीच. तिला कुणी दारं धरणारं नव्हतं! दत्तरावांनी टॉवेल कमरेला बांधला. एक फांदी बंद केली की सगळं पाणी दुसरीला, दुसरीचं सगळं पाणी रस्त्यावर, आणि रस्त्यावर मनकर्णा. इतकं सोपं होतं.

चूक झाली ती इथं. शेतात कोणती सरी कुठं जाते हे दत्तराव डोळे मिटून सांगू शकत होते, कारण शेताला बांध असतो आणि बांधापलीकडं सख्खा भाऊ असतो. डोंगराला दोन्ही नसतात. पायवाट तीन वळणं घेऊन वर आली होती, आभाळ ढगाळ होतं, दिशा कळायला सूर्य नव्हता. खालच्या लोकांचा गलका डाव्या अंगानं येतोय असं त्यांना वाटलं. तो समोरच्या कड्यावर आपटून येत होता. त्यांनी रस्ता डावीकडं धरला आणि उजवी फांदी बांधायला घेतली.

बांधली मात्र अशी, की बघत राहावं. आधी मोठे धोंडे, मग त्यांच्या फटीत लहान दगड, वर पळसाची पानं, त्यावर चिखल, आणि जिथून तरीही झिरपत होतं तिथं कमरेचा टॉवेल. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी तो बांध अर्ध्या तासात घातला. डावी फांदी जरा उंचावर होती, त्यामुळं मागं पाणी तुंबायला लागलं. खालून आरडाओरडा ऐकू आला, शिट्ट्या ऐकू आल्या. दत्तरावांना वाटलं, लोकांना आनंद झाला. त्यांनी आणखी दोन दगड चढवले.

खाली काय झालं ते त्यांना मागाहून कळलं. धबधबा आधी बारीक झाला, मग ठिबकला, मग थांबला. साबण लावलेली पोरं डोळे मिटून हात पुढं करून पाणी चाचपत राहिली. एका बाईनं भजीवाल्याला विचारलं की दुपारी बंद ठेवतात का. भजीवाला वीस वर्षं तिथं होता. त्यानं असं कधी बघितलं नव्हतं, पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून तो म्हणाला, येईल आता, दम धरा. योगीराजनं सुक्या कातळाकडं बघितलं, मग बाप गेला त्या पायवाटेकडं बघितलं. तो निकिताला हळूच म्हणाला, "आबानंच काहीतरी केलंय."

वरती झाडीतून खाकी कपड्यातला एक तरुण माणूस धापा टाकत आला. तो तिथला वनरक्षक मुंजाजी. झरीच्या शेतकऱ्याच्या घरातला. नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती.

"काय करायलात तुमी हितं?" त्यानं विचारलं.

"पाणी वाढवायलोय," दत्तराव म्हणाले, आणि त्याला हातातला दगड धरायला दिला.

मुंजाजीनं दगड घेतला. त्याची नजर बांधावर गेली आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "दारं तर लय झकास बांधलंय." मग त्याला अंगावरच्या कपड्यांची आठवण झाली. तो म्हणाला, "आबा, हे राखीव जंगल हाय. हितला दगड हलवायची परवानगी न्हाई. न् तुमी तर अख्खा धबधबा बंद केलाय."

दत्तरावांना हे मान्य होईना. त्यांनी त्याला पाण्याचा उतार समजावून सांगितला, पाणी माणूस ओळखतं असंही ऐकवलं, आणि शेवटी तूच खाली जाऊन बघ म्हणाले.  मुंजाजीनं त्यांचा दंड धरला आणि सांभाळून कड्याजवळच्या एका सपाट जागी नेलं. तिथून रस्ता दिसत होता.

दत्तरावांनी खाली बघितलं. रस्त्याच्या कडेला भजीवाल्याची प्लास्टिकची खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर, हिरवं लुगडं नेसून, मांडीवर डबा धरून मनकर्णाबाई बसली होती. ती कोरड्या कातळाकडं बघत होती. शाळेत मास्तरांची वाट बघत बसलेल्या मुलीसारखी ती अगदी सरळ बसली होती.  आयुष्यात तिनं एक गोष्ट मागितली, आणि ती आपण तिच्या डोळ्यांदेखत बंद केली.

तेवढ्यात मनकर्णाबाईला कड्यावर नवरा दिसला. तिनं डबा निकिताकडं दिला, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिली. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर उंच केले. शेताच्या शेवटी उभं राहून ती चाळीस वर्षं हेच करत आली होती. मोटारीच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून एक हात वर म्हणजे पाणी पोचलं, दोन हात वर म्हणजे पाणी येईना, मागं काय झालंय ते बघा.

ही खूण रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हती. लोकांनी बघितलं ते एवढंच, की एक म्हातारी कष्टानं उठली आणि आटलेल्या धबधब्याकडं तोंड करून दोन्ही हात वर करून उभी राहिली. गलका थांबला. एका माणसानं डोक्यावरची टोपी काढली. दोन बायकांनी हात जोडले. साबणवाल्या पोरांनी पण डोळे मिटलेलेच होते, तेव्हा हात जोडायला त्यांना फार काही करावं लागलं नाही.

वर दत्तराव बांधाकडं धावले. त्यांनी बांध एका फटक्यात फोडायला हात घातला, पण मुंजाजीनं आधी त्यांना अडवलं आणि शिट्टी वाजवून, हात हलवून खालच्या सगळ्यांना कातळाजवळून उठवून रस्त्याच्या कठड्यामागं जायला लावलं. लोक तत्परतेनं मागं सरले आणि म्हातारीभोवती अदबीनं गोळा झाले. मग दोघं मिळून बांध उपसायला लागले. मुंजाजीला एक दगड हलेना. शेवटी दत्तरावांनीच टॉवेल ओढून काढला, आणि मागं तुंबलेलं अर्ध्या तासाचं पाणी एकदम सुटलं.

दुधाळ तशी कोसळलेली त्या पावसाळ्यात कुणी बघितली नव्हती. काळा कातळ पांढरा झाला. तुषार रस्ता ओलांडून भजीच्या कढईपर्यंत आले. कठड्यामागची सगळी माणसं नखशिखांत भिजली, आणि सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हात वर केलेली मनकर्णाबाई भिजली. तिनं डावा हात खाली घेतला. एक हात वर, म्हणजे पाणी पोचलं. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतेय.

जोर दोन मिनिटांत ओसरला आणि धार पहिल्यासारखी बारीक झाली, पण खालचा मामला आता धारेचा राहिला नव्हता. पहिल्यांदा टोपीवाला मनकर्णाबाईच्या पाया पडला. मग बायका पडल्या. भजीवाल्यानं आपल्या गाड्यावरच्या देवापुढचा नारळ आणून तिच्या ओटीत घातला. ती बिचारी सांगत होती की अहो, ते आमचे मालक वर पाणी धरायलेत, पण हे ऐकून लोकांचा भाव आणखीच वाढला, कारण मालक म्हणजे कोण याचा त्यांनी आपापल्या परीनं अर्थ लावला.

वर मुंजाजीनं दत्तरावांना उरलेले दगड होते तिथं परत ठेवायला लावले. कोणता कुठं होता हे दोघांनाही आठवत नव्हतं, तेव्हा दगडांचे चेहरे बघून ठेवले. मग त्यानं वहीत नाव-गाव लिहून घेतलं, पुन्हा असं करणार नाही म्हणून सही घेतली, आणि वही मिटल्यावर हळूच विचारलं की झरीला वडिलांच्या शेतातलं एक दारं दर पाळीला फुटतं, एखाद दिवस येऊन बघाल का. दत्तरावांना गहिवरून आलं. या पोरानं मनात आणलं असतं तर त्यांना चौकीत बसवून ठेवलं असतं, आणि मनकर्णा खाली एकटी राहिली असती. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि जमेल तसे आभार मानले. आभार मानायची सवय नसल्यानं ते थोडे लांबले.

मग चिखलानं भरलेले, धोतर फाटलेले, एका पायात चप्पल असलेले दत्तराव खाली आले. बायकोभोवती गर्दी होती. ते पुढं घुसायला लागले तर साबणवाल्या पोरांपैकी एकानं त्यांना थांबवलं.

"आबा, लायनीत या. माय सगळ्यांना भेटायलीय."

दत्तराव लायनीत उभे राहिले. पुढं सात माणसं होती. योगीराज बाजूला गाडीला टेकून बापाकडं न बघता हसत होता, आणि निकितानं तोंडाला पदर लावला होता. एकेक माणूस पाया पडून पुढं सरकत होता. शेवटी त्यांचा नंबर आला.

मनकर्णाबाईनं त्यांना आपादमस्तक बघितलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा इतका उजळला होता की दत्तरावांना ती क्षणभर लग्नातली वाटली.

"बघितलास का?" त्यांनी विचारलं. "कसा व्हता?"

"कोनता? पहिला का दुसरा?"

"पहिला कवा बघितलास?"

"तुमी वर गेलात तवाच. निकितानं मला उतरवलं तर समोरच व्हता की. बारीक व्हता, पण लय गोड व्हता. म्हणलं, यांना बोलवा, मिळून बघू. तर तुमी बंद केला."

 दत्तराव पुटपुटले, की तेवढा तुला कमी पडंल असं वाटलं.

"मला कुठं कमी पडलाय?" मनकर्णाबाई म्हणाली. "चाळीस वर्षं तुमी पान्याच्या त्या टोकाला न् मी ह्या टोकाला. बुधवारच्या आधी एकदा एका टोकाला हुबं ऱ्हावं, एवढंच मनात व्हतं."

ती हे सहज बोलली, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. दत्तरावांनी मान खाली घातली. त्यांना डोळे पुसायचे होते, पण हाताला चिखल होता, आणि टॉवेल वरच राहिला होता. त्यांना एकाएकी सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले: ही गोष्ट पोटात न ठेवणाऱ्या सुनेचे, गाडी आणणाऱ्या पोराचे, मुंजाजीचे, साबणवाल्यांचेसुद्धा. ही बाई आपल्याला मिळाली, आपल्यासारख्या माणसाजवळ टिकली, आणि आज इथं ओली होऊन उभी आहे, यापुढं पारावरच्या लोकांना काय सांगायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

भजीवाल्यानं दुसरी खुर्ची आणून दिली. दोघं शेजारी बसली. निकितानं डबा उघडला. धपाटी भिजून गेली होती, तरी सगळ्यांनी खाल्ली आणि आलेल्यागेलेल्यांना प्रसाद म्हणून वाटावीही लागली. समोर दुधाळ आपली बारीक, एकसारखी पडत होती.

थोड्या वेळानं दत्तरावांची नजर खाली गेली. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर एक ओघळ कातळाकडून निघून रस्त्याच्या कडेनं नुसताच चालला होता. मध्ये एक दगड सरकवला असता तर तो सरळ झाडीत गेला असता आणि चार झुडपांना लागला असता. दगडही जवळच होता. त्यांचा पाय आपसूक थोडा पुढं झाला.

मनकर्णाबाईनं धबधब्यावरची नजर न काढता त्यांचा चिखलाचा हात आपल्या हातात धरला.

दत्तरावांनी पाय मागं घेतला आणि ते पाणी जाऊ दिलं.